पाणी नेमके कुठे मुरते आहे? बोर्डावरील यूडीपी चाचणीतल्या पॅकेट गळतीचा माग

नमस्कार.

आपला प्रश्न मला असा समजला आहे. भोसरीतील आपल्या कंपनीने चार कोअरच्या आर्म प्रोसेसरवर लिनक्स चालवणारा एक गेटवे बोर्ड तयार केला आहे आणि त्यावर गिगाबिट इथरनेटचे एक पोर्ट आहे. आयपर्फ३ या वेग मोजणाऱ्या प्रोग्रॅमने संगणकाकडून बोर्डाकडे, मध्ये एक स्विच ठेवून, सेकंदाला ९०० मेगाबिट वेगाने १४७२ बाइटची यूडीपी पॅकेटे (पोहोचल्याची खात्री न करता सोडलेली) ६० सेकंद पाठवली की अहवालात १८ टक्के लॉस दिसतो. उलट दिशेने लॉस शून्य येतो, पण वेग ६१० च्या वर जात नाही. हरवलेले पुन्हा पाठवणाऱ्या टीसीपीला ६४० मिळतात, पिंगमध्ये (साध्या हाक-प्रतिसादाच्या चाचणीत) हजारात एकही पॅकेट हरवत नाही, ‘टॉप’मध्ये सीपीयूचा वापर जेमतेम २८ टक्के दिसतो आणि आरमेम-मॅक्स (घेण्याच्या बफरची कमाल मर्यादा) ८ मेगाबाइट करूनही तसूभर फरक पडलेला नाही. फाय चिपच्या (तारेवरचे सिग्नल हाताळणाऱ्या चिपच्या) आसपासचे लेआउट, म्हणजे बोर्डावरच्या जोडण्यांची मांडणी, सदोष आहे, तेव्हा बोर्डाची नवी आवृत्ती काढावी, असे आपल्या वरिष्ठांचे म्हणणे आहे. आपल्याला ते पटत नाही, पण ते खोडून काढायला हाताशी पुरावाही नाही. म्हणून ‘कोणते सेटिंग बदलू?’ असे आपण विचारले आहे.

सेटिंगचा प्रश्न नंतरचा आहे. आधी एवढेच ठरवायचे आहे की ही पॅकेटे कोणत्या टप्प्यावर हरवतात. आयपर्फ३ प्रत्येक यूडीपी पॅकेटात अनुक्रमांक घालते आणि घेणाऱ्या बाजूचा प्रोग्रॅम त्या क्रमांकांत पडलेली भोके मोजतो. म्हणजे १८ टक्के हा आकडा एका प्रोग्रॅमने पाठवलेल्या आणि दुसऱ्या प्रोग्रॅमपर्यंत पोहोचलेल्या पॅकेटांमधला फरक सांगतो, त्यापलीकडे काहीच सांगत नाही. वाटेत संगणकाचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) आहे, त्याचे नेटवर्क कार्ड आहे, केबल आहे, स्विचची दोन पोर्टे आहेत, बोर्डावरची फाय चिप आहे, फ्रेम (तारेवरचे पॅकेट) घेणारा-पाठवणारा मॅक आहे, त्या मेमरीत उतरवण्याच्या जागांची डीएमएची रिंग आहे, तिथून त्या उचलणारा कर्नलचा सॉफ्टआयआरक्यू आहे, प्रोग्रॅमने उचलेपर्यंत पॅकेटे साठवणारा यूडीपी सॉकेटचा बफर आहे आणि शेवटी आयपर्फ३ स्वतः आहे. यांपैकी कुठेही पाणी मुरू शकते. सुदैवाने यांतील जवळजवळ प्रत्येक टप्पा आपली स्वतःची वही ठेवतो. म्हणून गेली अनेक वर्षे मी या कामात एकच पद्धत पाळत आलो आहे: आधी प्रत्येक दारावरचा जमाखर्च मांडायचा आणि ताळा जुळेपर्यंत एकाही सेटिंगला हात लावायचा नाही.

पुढचे बरेचसे आपला प्रोसेसर, त्यातला मॅक, ड्रायव्हर आणि कर्नलची आवृत्ती यांवर अवलंबून राहील हे आधीच सांगतो, कारण आपण यांपैकी काहीच लिहिलेले नाही. पोर्ट गिगाबिटचे आहे म्हणून आतला मार्गही गिगाबिटचा असतोच असे नाही. एनएक्सपीच्या आय-डॉट-एमएक्स ६ या कुटुंबातल्या क्वाड चिपच्या एराटामध्ये (ज्ञात दोषांच्या यादीत) स्पष्ट लिहिलेले आहे की इथरनेट मॅकची पाठवणे आणि घेणे मिळून एकूण मर्यादा ४७० मेगाबिट आहे. रास्पबेरी पाय ३ बी प्लसवर गिगाबिट पोर्ट यूएसबी २ मधून जात असल्यामुळे तिथे ३०० च्या आसपास गाडी अडते. अशा चिपवर ९०० पाठवून लॉसचे कारण शोधत बसणे म्हणजे लिटरच्या तांब्यात दोन लिटर पाणी ओतून तांब्याची गळती शोधणे आहे. आपल्याला टीसीपीवर ६४० मिळतात, त्यामुळे या दोन्ही मर्यादा आपल्याला लागू नाहीत हे दिसतेच. तरी आपल्या चिपचा एराटा आज संध्याकाळी उघडून इथरनेटचे प्रकरण वाचून घ्यावे.

आता चाचणीच्या साधनाकडे. १५०० बाइटच्या एमटीयूला (एका फ्रेममध्ये मावणाऱ्या सर्वांत मोठ्या पॅकेटाला) तारेवर प्रत्यक्षात १५३८ बाइटांची जागा लागते, कारण इथरनेटचे शीर्ष, सीआरसी (फ्रेम बिघडली का हे ताडण्याचा आकडा), प्रीअॅम्बल आणि दोन फ्रेममधले अंतर हे सगळे त्यात धरावे लागते. त्यामुळे गिगाबिटच्या तारेवरून सेकंदाला जास्तीत जास्त ८१,२७४ पूर्ण फ्रेम जातात आणि यूडीपीची कमाल मर्यादा ९५७ मेगाबिटच्या आसपास येते. टाइमस्टॅम्पसह टीसीपीची ९४१. म्हणजे आपली ९०० ची मागणी तारेच्या आवाक्यात आहे, पण काठावर आहे. बोर्ड बाजूला ठेवून त्याच केबली आणि तोच स्विच वापरून दोन संगणकांमध्ये हीच चाचणी आधी घ्यावी. तिथेही लॉस दिसला तर बोर्डाचा विचार तिथेच थांबतो. मला एकदा दोन दिवस छळलेली गळती शेवटी आमच्याच प्रयोगशाळेत क्रिंप केलेल्या एका केबलमध्ये निघाली होती. तेव्हापासून पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणलेली, कारखान्यात जोड बसवलेली दोन केबले मी फक्त मोजमापासाठी वेगळी ठेवतो आणि ती कुणालाही रोजच्या वापराला देत नाही.

आयपर्फ३ च्या बाबतीत आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जुन्या आवृत्त्यांमध्ये यूडीपीचा मूळ ब्लॉक ८ किलोबाइटचा होता. त्याचे तारेवर सहा तुकडे होतात आणि एक तुकडा गेला की अख्खा ब्लॉक गेला असे धरले जाते, त्यामुळे एक टक्का फ्रेम हरवल्या तरी अहवालात जवळपास सहा टक्के लॉस दिसतो. आपण लांबी १४७२ दिली आहे, हे योग्यच केले. दुसरे असे की आयपर्फ३ वेग राखण्यासाठी मूळ सेटिंगमध्ये दर मिलिसेकंदाला जागे होते. आपल्या वेगाला सेकंदाला सुमारे ७६,४०० पॅकेटे लागतात, म्हणजे दर मिलिसेकंदाला ७६ पॅकेटांचा गठ्ठा एकदम सुटू शकतो. सरासरी वेग शांत दिसत असला तरी बोर्डाला पाणी संथ धारेने मिळत नाही, घागरीने मिळते.

आता जमाखर्च. ६० सेकंदांत आपण सुमारे ४५,८५,००० पॅकेटे पाठवता आणि त्यांतली सव्वाआठ लाख हरवतात. हा आकडा मोठा आहे आणि ते आपल्या फायद्याचे आहे, कारण सव्वाआठ लाख पॅकेटे कोणत्या ना कोणत्या वहीत उमटल्याशिवाय राहणार नाहीत. चाचणीपूर्वी आणि चाचणीनंतर पुढील नोंदी एका फाइलमध्ये उतरवून घ्याव्यात आणि फक्त फरकाकडे पाहावे. संगणकावर आणि बोर्डावर ‘एथटूल’ला मोठा एस हा पर्याय देऊन मिळणारी मॅकची संपूर्ण आकडेवारी, ‘आयपी लिंक’ला लहान एस दोनदा देऊन मिळणारा गोषवारा, ‘एनस्टॅट’मधल्या यूडीपीच्या ओळी, प्रॉक-नेटमधली सॉफ्टनेट-स्टॅट ही फाइल, प्रॉकमधली इंटरप्ट्स ही फाइल, आणि स्विच मॅनेज्ड (आतले आकडे दाखवणारा) असेल तर त्याच्या दोन्ही पोर्टांचे काउंटर. पॅकेट मोजावेत, बाइट मोजू नयेत. काही हार्डवेअरमधले बाइटचे काउंटर ३२ बिटांचे असतात आणि ९०० मेगाबिटला ते ३८ सेकंदांत भरून पुन्हा शून्यावर येतात, मग ६० सेकंदांच्या चाचणीचा हिशेब कधीच जुळत नाही.

या नोंदी घेताना एसएसएचमधून बोर्डावर ‘टॉप’ उघडे ठेवू नये आणि पॅकेटे पकडून दाखवणारे टीसीपीडंपही चालवू नये, कारण दोन्हींचा भार ज्याची मोजणी चालली आहे त्याच मार्गावर पडतो. मी सीरियल कन्सोलवरून (नेटवर्कबाहेरच्या वेगळ्या तारेने) चाचणी सुरू करतो, मधल्या काळात कशालाही स्पर्श करत नाही आणि संपल्यावर वाचतो.

वरिष्ठांच्या शंकेची शहानिशा आता याच नोंदींतून होते. फाय किंवा लेआउट सदोष असेल तर बिघडलेल्या फ्रेम मॅकपर्यंत येतात, तिथे त्यांचा सीआरसी जुळत नाही आणि सीआरसीचा काउंटर वाढतो. आपल्याकडे तो सव्वाआठ लाखांच्या आसपास वाढला असेल तर वरिष्ठांचे म्हणणे खरे. तो शून्य असेल आणि मॅकच्या वहीत ४५,८५,००० फ्रेम नीट पोहोचल्याची नोंद असेल, तर तार, जोड, फाय आणि लेआउट हे सगळे निर्दोष सुटले. तेवढ्या एका ओळीवर नव्या आवृत्तीचा खर्च वाचतो. गिगाबिटच्या मानकात बिट बिघडण्याचे मान दहा अब्जांत एक एवढेच मान्य आहे. पूर्ण लांबीच्या फ्रेममध्ये साधारण १२,००० बिट असतात, म्हणजे आपल्या वेगाला अगदी मर्यादेवर चालणाऱ्या जोडणीतही अकरा सेकंदांत एखादी फ्रेम जावी, आणि चांगली जोडणी यापेक्षा पुष्कळ सरस असते. १८ टक्के फ्रेम बिघडवणारे लेआउट असते तर पिंगमध्येही दर पाच-सहा पॅकेटांमागे एक गेले असते, कारण बिघाड वेगावर अवलंबून नसतो. हजार पिंग सुखरूप येतात, यावरून माझा कल आपल्या बाजूने झुकतो. मात्र पिंगची पॅकेटे मूळ सेटिंगमध्ये लहान असतात आणि लहान फ्रेम बिघडण्याची शक्यता कमी असते, म्हणून पिंगची लांबी १४७२ करून ही खातरजमा एकदा करून घ्यावी.

लेआउटची किंवा टायमिंगची चूक प्रत्यक्षात कशी दिसते हे सांगणे मला आवश्यक वाटते, कारण ती मी जवळून पाहिली आहे. काही वर्षांपूर्वी आमचा एक बोर्ड सकाळी चाचणीत निर्दोष असे आणि दुपारी तीनच्या सुमारास लॉस दाखवू लागे. एप्रिल महिना होता, प्रयोगशाळेचा एसी बंद पडलेला होता आणि पुण्याचा पारा चाळिशीकडे सरकत होता. आम्ही आठवडाभर सर्व्हरकडे आणि स्विचकडे संशयाने पाहिले. शेवटी एका सहकाऱ्याने घरून केस वाळवायचा ड्रायर आणला आणि मी कन्सोलवर दर सेकंदाला सीआरसीचा काउंटर छापत बसलो. फाय चिपवर गरम हवा सोडल्यावर वीस-पंचवीस सेकंद आकडा हलला नाही. मग तो शेकड्यांनी आणि पाहता पाहता हजारांनी वाढू लागला. ड्रायर बंद करून पुठ्ठ्याने वारा घातला तसा तो हळूहळू स्थिरावला. वेग १०० मेगाबिटवर उतरवला की कितीही तापवले तरी आकडा शून्यच राहत असे.

कारण आरजीएमआयआयच्या, म्हणजे मॅक आणि फाय यांना जोडणाऱ्या मार्गाच्या, विलंबात होते. गिगाबिटला मॅक आणि फाय यांच्यामधले घड्याळ १२५ मेगाहर्ट्झचे असते, म्हणजे एक फेरा ८ नॅनोसेकंदांचा, आणि डेटा घड्याळाच्या दोन्ही कडांवर येतो, त्यामुळे प्रत्येक तुकड्याच्या वाट्याला चारच नॅनोसेकंद येतात. त्या चारांच्या मधोमध घड्याळाची कड पडावी म्हणून घड्याळाला सुमारे दोन नॅनोसेकंदांचा विलंब द्यावा लागतो. तो बोर्डावरच्या ट्रेसची लांबी वाढवून देता येतो, फाय चिपच्या आत देता येतो किंवा मॅकमध्ये देता येतो, पण तो एकानेच द्यायचा असतो. आमच्या डिव्हाइस ट्रीमध्ये (कर्नलला हार्डवेअरची ओळख करून देणाऱ्या फाइलमध्ये) फाय-मोड नुसता ‘आरजीएमआयआय’ असा लिहिला होता. तो ‘आरजीएमआयआय-आयडी’, म्हणजे विलंब फायने द्यावा असा, असायला हवा होता. विलंब कुणीच देत नव्हते आणि सकाळच्या गारव्यात बोर्ड केवळ योगायोगाने चालत होता. १०० मेगाबिटला घड्याळ २५ मेगाहर्ट्झचे आणि फेरा ४० नॅनोसेकंदांचा असल्यामुळे तिथे ही चूक पोटात घातली जाते. एका शब्दाच्या दुरुस्तीने काम झाले, लेआउटला हातही लावावा लागला नाही. म्हणून सीआरसीचे आकडे वाढलेले दिसले तरी थेट नवी आवृत्ती काढण्याचा निर्णय घेऊ नये. आधी फाय-मोड तपासावा आणि १०० मेगाबिटवर चाचणी घेऊन पाहावी.

सीआरसी स्वच्छ असेल तर पुढचे दार डीएमएच्या रिंगचे. मॅकने घेतलेली फ्रेम ठेवायला मोकळा डिस्क्रिप्टर (रिंगमधली एक जागा) नसेल तर ती तिथेच टाकली जाते. या काउंटरचे नाव ड्रायव्हरगणिक बदलते. कुणी त्याला फिफो ओव्हरफ्लो म्हणतो, कुणी मिस्ड, कुणी ओव्हररन, कुणी नुसता मॅक-एरर. रिंगमधून फ्रेम उचलण्याचे काम सॉफ्टआयआरक्यू करतो आणि तो वेळेवर पोहोचला नाही की रिंग भरून वाहते. त्याची खूण सॉफ्टनेट-स्टॅटमध्ये मिळते. तिथे प्रत्येक कोअरसाठी एक ओळ असते आणि आकडे सोळाच्या पायाचे असतात. पहिला स्तंभ हाताळलेल्या पॅकेटांचा, दुसरा टाकलेल्यांचा, तिसरा वेळ किंवा कोटा संपल्यामुळे काम अर्धवट सोडावे लागल्याचा. पुष्कळ जण फक्त दुसरा स्तंभ पाहतात, तो शून्य दिसला की निश्चिंत होतात आणि इथेच फसतात. नापी पद्धतीचे (फ्रेम गठ्ठ्याने उचलणारे) ड्रायव्हर, आरपीएस (काम दुसऱ्या कोअरकडे देण्याची सोय) लावलेले नसेल तर, दुसरा स्तंभ ज्या रांगेतली गळती मोजतो तिचा वापरच करत नाहीत, त्यामुळे दुसरा स्तंभ हलत नाही. तिसरा स्तंभ भराभर वाढत असेल आणि मॅकचा ओव्हररनही वाढत असेल, तर कोअर पुरा पडत नाही असे समजावे.

रिंगच्या बाबतीत एक प्रसंग नमूद करतो, कारण त्याचा माग लावणे अवघड असते. एका बोर्डावर दर काही सेकंदांनी चार-पाचशे पॅकेटांचे भगदाड पडे आणि मधल्या वेळात सगळे शांत असे. नेटवर्कशी त्याचा काही संबंध नव्हता. दुसऱ्याच एका ड्रायव्हरची इशाऱ्याची एक ओळ कर्नल सीरियल कन्सोलवर छापत होता. १,१५,२०० बॉडच्या कन्सोलवर ऐंशी अक्षरे जायला जवळपास सात मिलिसेकंद लागतात आणि त्या कर्नलमध्ये तेवढा वेळ त्या कोअरवरचे इंटरप्ट (‘फ्रेम आली’ असे हार्डवेअरचे इशारे) थांबून राहत. आपल्या वेगाला सात मिलिसेकंदांत सव्वापाचशेहून अधिक पॅकेटे येतात. रिंग २५६ ची असेल तर निम्म्याहून जास्त बाहेर पडतात. म्हणून आयपर्फ३ चा दर सेकंदाचा अहवाल नक्की पाहावा. लॉस सारखा पसरलेला आहे की ठरावीक अंतराने येतो, यावरून अर्धे निदान होते. बरोबर पाच-पाच सेकंदांनी येत असेल तर डिस्कवर लिहिण्याच्या कामाकडे पाहावे, कारण लिनक्स मूळ सेटिंगमध्ये साठलेली पाने लिहायला दर पाच सेकंदांनी उठतो आणि ईएमएमसीवर (बोर्डावरच्या साठवणुकीच्या चिपवर) मोठी लॉग फाइल लिहिली जात असेल तर ते जाणवते.

शेवटचे दार यूडीपी सॉकेटचे, आणि आपली गळती बहुतांशी इथे असावी असा माझा अंदाज आहे. ‘एनस्टॅट’मध्ये यूडीपीचा रिसीव्ह-बफर-एरर हा काउंटर पाहावा. तो सव्वाआठ लाखांच्या जवळपास वाढला असेल तर ताळा जुळला: पॅकेटे कर्नलपर्यंत सुखरूप आली आणि आयपर्फ३ ती वेळेत उचलू शकले नाही. यूडीपीच्या इन-एरर या ओळीत हेच आकडे पुन्हा धरलेले असतात, म्हणून दोन्हींची बेरीज करू नये.

आरमेम-मॅक्स वाढवूनही फरक का पडला नाही, याचे उत्तर इथेच आहे. ती वरची मर्यादा आहे. प्रोग्रॅमने स्वतः मोठा बफर मागितला तरच ती कामी येते. मागितला नाही तर सॉकेटला आरमेम-डिफॉल्ट एवढाच बफर मिळतो आणि तो बहुतेक ठिकाणी २,१२,९९२ बाइटांचा असतो. कर्नल त्यात नुसता डेटा मोजत नाही, तर पॅकेटासाठी राखलेली सगळी जागा मोजतो. ती साधारण २,३०० बाइट धरली तर त्या बफरात नव्वदच्या आसपास पॅकेटे मावतात. आपल्या वेगाला ती सव्वा मिलिसेकंदाच्या आत भरतात. आयपर्फ३ ला लहान डब्ल्यू या पर्यायाने २ किंवा ४ मेगाबाइटची विंडो द्यावी आणि चाचणी पुन्हा घ्यावी.

यावरही भिस्त ठेवू नये, कारण बफर फक्त गठ्ठे झेलतो, तूट भरून काढत नाही. आपली तूट सेकंदाला पावणेचौदा हजार पॅकेटांची आहे. ८ मेगाबाइट मागितले तर कर्नल हिशेबात दुप्पट, म्हणजे १६ मेगाबाइट धरतो आणि त्यात सात हजारांच्या आसपास पॅकेटे मावतात; ती अर्ध्या सेकंदात भरली की १८ टक्के पुन्हा सुरू. विंडो मोठी केल्यावर लॉस नाहीसा झाला तर त्रास गठ्ठ्यांचा होता. पहिल्या सेकंदाला लॉस कमी दिसून नंतर पुन्हा तेवढाच झाला तर उचलण्याचा वेग कमी पडतो आहे.

उचलण्याचा वेग का कमी पडतो, ते आपल्या २८ टक्क्यांत दडलेले आहे. चार कोअरच्या बोर्डावर एक कोअर पूर्ण जळत असेल आणि बाकीचे तीन मोकळे असतील तर एकूण सरासरी २५ टक्केच दिसते. ‘टॉप’मध्ये आकडा एक दाबून कोअर वेगवेगळे पाहावेत, किंवा ‘एमपीस्टॅट’ने प्रत्येक कोअरचा सॉफ्टआयआरक्यूचा स्तंभ पाहावा. एम्बेडेड चिपांतल्या बऱ्याच मॅकना घेण्यासाठी एकच रांग आणि एकच इंटरप्ट असतो, तो बहुधा पहिल्या कोअरवर येतो आणि आयपर्फ३ सुद्धा त्याच कोअरवर जाऊन बसले तर सॉफ्टआयआरक्यूला नेहमी अग्रक्रम मिळतो आणि प्रोग्रॅम उपाशी राहतो. इंटरप्ट एका कोअरवर बांधावा आणि आयपर्फ३ मोठा ए या पर्यायाने दुसऱ्या कोअरवर बसवावे. सीपीयूचा वेग ठरवणारा गव्हर्नर चाचणीपुरता ‘परफॉर्मन्स’वर ठेवावा, म्हणजे घड्याळ वरखाली होण्याचा घोळ मोजमापात शिरणार नाही. आरपीएसने सॉफ्टआयआरक्यूचा वरचा भाग आणखी एका कोअरकडे देता येतो, पण प्रवाह एकच असेल तर तो एकाच कोअरकडे जातो. चारही कोअर कामाला लागतील अशी अपेक्षा ठेवू नये.

टीसीपीला ६४० मिळताना यूडीपी का गळते, हे आता स्पष्ट व्हावे. टीसीपीत समोरचा घेऊ शकत नाही हे कळताच पाठवणारा हात आखडता घेतो. शिवाय जीआरओमुळे अनेक पॅकेटे एकत्र बांधून वर जातात आणि दर पॅकेटामागचा खर्च वाटला जातो. यूडीपीचे प्रत्येक पॅकेट मात्र एकटे जिना चढते आणि आयपर्फ३ ला प्रत्येकासाठी वेगळा सिस्टिम कॉल करावा लागतो. उलट दिशेच्या शून्य लॉसचाही अर्थ जपून लावावा. तिथे बोर्ड पाठवणारा असतो, त्याच्या सॉकेटचा बफर भरला की आयपर्फ३ थांबून राहते, म्हणून काही हरवत नाही. ते ६१० म्हणजे बोर्डाची पॅकेटे तयार करण्याची ताकद आहे.

एक प्रयोग मी कधीच चुकवत नाही. वेग १०० पासून शंभराच्या पायऱ्यांनी वाढवत न्यावा आणि प्रत्येक पायरीवर पोहोचलेला वेग वहीत लिहावा. अगदी खालच्या वेगालाही ठरावीक टक्के लॉस असेल तर दोष तारेकडे किंवा फायकडे असतो. एका वेगापर्यंत शून्य आणि पुढे पोहोचलेला वेग सपाट राहत असेल तर कुठलीतरी क्षमता संपली. पुढे तो घसरू लागला तर प्रोग्रॅम उपाशी राहतो आहे. मग पॅकेटाची लांबी ५०० बाइट करून हेच पुन्हा करावे. सेकंदाला तेवढीच पॅकेटे पोहोचून मेगाबिट कमी झाले तर खर्च दर पॅकेटामागे आहे आणि उपाय सॉफ्टवेअरमध्ये सापडतील. मेगाबिट तेवढेच राहिले तर बस किंवा मेमरी अडवते आहे आणि तिथे सेटिंग बदलून फारसे हाती लागत नाही.

पॉज फ्रेम (समोरच्याला ‘थांब’ सांगणारी फ्रेम) चालू केल्यास रिंगवरचा लॉस लगेच नाहीसा झालेला दिसेल, म्हणून एक सावधगिरी सांगतो. बोर्ड रिंग भरत आल्यावर स्विचला थांबवतो, स्विच स्वतःचा बफर भरत जातो आणि पुढे पॅकेटे तिथे टाकली जातात किंवा संगणकही थांबवला जातो. आय-डॉट-एमएक्स ६ सारख्या चिपवर त्याचा वापर रास्त आहे आणि एराटाही तेच सुचवतो. पण ग्राहकाच्या स्विचवर पॉज बंद असेल तर प्रयोगशाळेतला शून्य लॉस तिथे टिकणार नाही. निदान करताना ते बंद ठेवावे. शिवाय पॉज फक्त मॅकची रिंग वाचवते, सॉकेटच्या बफराला त्याचा उपयोग होत नाही.

ज्यांच्या बोर्डावर लिनक्स नसून फ्रीआरटीओएस (छोटी ऑपरेटिंग सिस्टिम) आणि एलडब्ल्यूआयपी (तिच्यासोबतचे छोटे नेटवर्क सॉफ्टवेअर) आहे त्यांनाही पद्धत हीच, फक्त वह्या स्वतः उघडाव्या लागतात: एलडब्ल्यूआयपीची स्टॅट्स चालू करावीत, पीबफ पूल (पॅकेटांसाठी राखलेली मेमरी), घेण्याचे डिस्क्रिप्टर आणि यूडीपीचा रिसीव्ह मेलबॉक्स यांच्या संख्या पाहाव्यात, आणि डेटा कॅशे असलेल्या चिपवर डिस्क्रिप्टर कॅशेबाहेरच्या मेमरीत आहेत ना हे आधी तपासावे. एलडब्ल्यूआयपीसोबत येणारे आयपर्फ फक्त टीसीपीचे आहे आणि ते आयपर्फ२ शी बोलते, आयपर्फ३ शी नाही.

आपण मला पुढील पत्रात चाचणीच्या आधीचे आणि नंतरचे आकडे, प्रोसेसरचे नाव, कर्नलची आवृत्ती आणि दर सेकंदाचा अहवाल एवढे पाठवावे. सीआरसी, मॅकचा ओव्हररन आणि रिसीव्ह-बफर-एरर या तीन फरकांची बेरीज सव्वाआठ लाखांच्या किती जवळ जाते, ते मी आधी पाहीन. बेरीज कमी पडली तर स्विचच्या पोर्टावर किंवा संगणकाच्या बाजूला शोध घ्यावा लागेल.

ग्राहकाला अहवाल देताना मात्र ‘९०० ला १८ टक्के लॉस’ असे लिहू नये. १९९९ च्या आरएफसी २५४४ या इंटरनेटविषयक दस्तऐवजात अशा मोजणीची रीत घालून दिलेली आहे आणि थ्रूपुटची व्याख्या त्याआधीच्या आरएफसी १२४२ मधून घेतली आहे: पाठवलेल्यांपैकी एकही फ्रेम हरवत नाही असा सर्वांत मोठा वेग. ही रीत नेटवर्क उपकरणांसाठी आहे आणि आपला गेटवे त्यातच मोडतो. फ्रेमच्या लांब्या ६४ पासून १५१८ बाइटांपर्यंत घ्याव्यात, प्रत्येक चाचणी किमान ६० सेकंद चालवावी आणि प्रत्येक लांबीला शून्य लॉसचा वेग दोन्ही दिशांना लिहावा. पॅकेटे पुढे पाठवणे हे गेटवेचे खरे काम असल्यामुळे ती बोर्डावरच्या आयपर्फ३ मध्ये संपवू नयेत; बोर्डातून पार करून पलीकडच्या दुसऱ्या संगणकावर मोजावीत. त्यासाठी लागणारे दुसरे पोर्ट आपल्या बोर्डावर नाही, तेव्हा व्हीलॅनने एकाच पोर्टावर दोन जाळी करून ही मोजणी घ्यावी. त्या मार्गात यूडीपी सॉकेट येतच नाही, त्यामुळे आज दिसणाऱ्या १८ टक्क्यांपैकी किती ग्राहकाच्या वाट्याला येतात ते तिथे कळेल.